आर्नोकाठचा कोल्हापूरकर

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. घरी म्हणजे गोरेगावला. मुंबईचं गोरेगाव नव्हे, गोंदिया जिल्ह्यातलं! (होस्टेलवर पहिल्या वर्षापासून हा खुलासा करतोय, तरी नवीन आलेला प्रत्येक जण लोकलचं स्टेशन विचारतोच.) आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी आणि काकू नुकतेच युरोपची टूर करून परत आले होते. मग काय, रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर फोटोंचा कार्यक्रम! आयफेल टॉवरपुढे काकू, पिसाच्या कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू देणारे गुरुजी, आल्प्सच्या बर्फात माकडटोपी घातलेले दोघंही. अर्धी गल्ली चिवडा खात युरोप बघत होती.

मी पडलो मेसचं खाऊन वैतागलेला प्राणी. मला एकच प्रश्न होता, तिकडे खाल्लं काय? काकूंनी मोठ्या आनंदानं सांगितलं की खाण्याचे काहीच हाल झाले नाहीत. सकाळी पोहे नाहीतर उपमा, रात्री वरण-भात, पोळी-भाजी, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर एके दिवशी चक्क पिठलं! टूरवाल्यांनी सोबत स्वयंपाकीच नेला होता. त्याला सगळे महाराज म्हणायचे. इटलीत पास्ता एकदाच झाला, तोही महाराजांच्या हातचा, मोहरी-हिंगाची फोडणी घातलेला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एवढे लाखो रुपये खर्च करायचे, सात समुद्र ओलांडायचे आणि ताटात काय, तर गोरेगावच!

तेवढ्यात गुरुजींना काहीतरी आठवलं. फ्लॉरेन्स शहराच्या बाहेर पडताना नदीवर एक मोठा पूल दिसला होता. गाईडनं जाता जाता सांगितलं की त्याचं नाव भारतीयाचा पूल. आता इटलीत हा भारतीय कोण, हे विचारेपर्यंत बस पुढे गेली आणि गाईड पुढच्या हॉटेलची माहिती देऊ लागला. गुरुजींनी ते काम माझ्यावर टाकलं. तू इंजिनीअर होणार ना, मग पुलाचं तूच शोध, असा आदेश निघाला. गुरुजींचा गृहपाठ टाळायची आमच्या गावात पद्धत नाही. सुट्टीवरून आल्यावर लायब्ररीत बसलो, आणि पुलाचा शोध घेता घेता जो माणूस सापडला त्यानं मला पार गुंतवून टाकलं. आपल्याच वयाचा होता तो. विसाव्या वर्षी गेला. आणि गंमत बघा, तोही युरोपला जाताना आपला स्वयंपाकी सोबत घेऊन गेला होता. फरक एवढाच, की इथे महाराज स्वयंपाकी नव्हता. महाराज स्वतः टूरवर होते!

हे होते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इतिहासात राजाराम नावाचा गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम ते वेगळे, ते १७०० साली वारले. राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम तेही वेगळे, ते विसाव्या शतकातले. आपले राजाराम या दोघांच्या मधले. कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे राजाराम. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, जे १८८० साली उभं राहिलं, ते यांच्याच नावाचं.

जन्म १८५० चा. मूळ नाव नागोजीराव, घराणं पाटणकरांचं. कोल्हापूरचे छत्रपती बाबासाहेब महाराज हे त्यांचे मामा. १८६६ साली मामा मरणाच्या दारी होते, पोटी मुलगा नव्हता, तेव्हा त्यांनी या भाच्याला दत्तक घेतलं. नागोजीरावाचा राजाराम झाला. वय वर्षं सोळा! आपण त्या वयात दहावीच्या मार्कांवरून घरच्यांची बोलणी खात होतो. या मुलाच्या डोक्यावर एकदम छत्रपतींची गादी आली.

पण गादी म्हणजे सत्ता नव्हे. १८४८ साली सातारच्या छत्रपतींचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला होता आणि सातारचं राज्य खालसा करून टाकलं होतं. त्या गोष्टीला वीस वर्षंही झाली नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांचं धोरण बदललं, संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मिळाला, म्हणून राजारामांची गादी टिकली. कारभार मात्र पोलिटिकल एजंटच्या हातात. राजा अज्ञान, तेव्हा त्याला आधी शिकवायचं, मग अधिकार द्यायचे, असा हिशेब. इंग्रजी शिकवायला एक पारशी शिक्षक आले, देखरेखीला कॅप्टन वेस्ट नावाचे इंग्रज अधिकारी आले. मुलगा हुशार निघाला. थोड्याच वर्षांत इंग्रजी बोलू लागला, इतकंच नाही तर इंग्रजीत डायरी लिहू लागला. आणि मग ठरलं की महाराजांनी विलायत बघायची.

आज व्हिसा मिळाला की निघता येतं. तेव्हा खरा व्हिसा द्यायची ती घरची माणसं आणि जातीचे पुढारी. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, अशी पक्की समजूत. त्यातही खरा प्रश्न पाण्याचा नव्हता, पानाचा होता! परदेशात कोणाच्या हातचं खाणार, कोणाच्या पंक्तीला बसणार, कुठलं पाणी पिणार, यावर सगळं अडायचं. अठराव्या शतकात राघोबादादांनी आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला पाठवला होता. १७८१ ची गोष्ट. त्याच्या सोवळ्याची इतकी पंचाईत झाली की एडमंड बर्क या संसदेतल्या बड्या माणसानं आपल्या बागेतली झाडांसाठी बांधलेली खोली त्याला स्वयंपाकाला आणि पूजाअर्चेला दिली. सातारच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी तर १८४० पासून चौदा वर्षं लंडनमध्ये तळ ठोकून होते. पण हे झाले वकील, कामासाठी गेलेले. गादीवर बसलेला हिंदू राजा आपण होऊन विलायत बघायला निघतो, ही गोष्ट त्या काळात जवळजवळ न ऐकलेलीच. त्यात राजा कोण, तर छत्रपती! शिवाय दत्तक आलेला. बाटला अशी आवई उठली असती तर बोट दाखवायला माणसं तयारच होती. म्हणून सोबत हिंदू माणसं आणि आचारी घेतले, आपलं स्वयंपाकघर घेतलं. आपण त्याला हसायच्या आधी हे लक्षात घ्यायला पाहिजे. काकूंच्या टूरमधलं पिठलं ही आवडीची गोष्ट होती. राजारामांचा आचारी ही त्यांच्या गादीची हमी होती.

मे १८७० मध्ये महाराज निघाले. कोल्हापूरला तेव्हा रेल्वे नव्हती, ती आली १८९१ मध्ये. आमच्या गोंदियालाही नव्हती. मुंबईहून बोट, अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, मग भूमध्य समुद्र. सुएझचा कालवा सुरू होऊन (१७ नोव्हेंबर १८६९) जेमतेम सहा महिने झाले होते. जगाच्या नकाशावर इंजिनीअर लोकांनी नुकतीच एक रेघ मारली होती, आणि हा पोरगा पहिल्यांदाच देशाबाहेर चालला होता. जूनमध्ये लंडन गाठलं.

मित्रांनो, १८७० चं लंडन म्हणजे आपल्या सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांची पंढरीच म्हणा. जमिनीखालून आगगाडी धावत होती (१८६३ पासून!), तीही वाफेच्या इंजिनाची, धुरासकट. थेम्स नदीच्या काठाला भराव घालून बांधलेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट नावाचा लांबच्या लांब रस्ता १३ जुलै १८७० रोजी, म्हणजे महाराजांच्या मुक्कामातच, खुला झाला. वर रस्ता आणि बाग, पोटात शहराचं सांडपाणी वाहून नेणारी प्रचंड गटारं आणि आगगाडीचा बोगदा. बॅझलजेट या इंजिनीअरचं ते काम. पूर्वी लंडनमध्ये कॉलऱ्यानं हजारो माणसं मरायची. गटारांची ही योजना झाली आणि ते संकट गेलं. कोल्हापूरहून आलेल्या विशीतल्या मुलापुढे असं शहर उभं होतं.

आणि त्यानं ते डोळे भरून पाहिलं. पार्लमेंट पाहिलं, राणी व्हिक्टोरियाला भेटले, बड्या बड्या माणसांशी बोलले. रोज कुठे गेलो, कोण भेटलं, काय पाहिलं, हे रोजच्या रोज डायरीत उतरवलं. आपण लॅबचं जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढतो. हा राजा असूनही रोज लिहीत होता, परक्या भाषेत लिहीत होता, आणि कोणी मार्क देणार नव्हतं! त्या डायरीचं पुस्तक पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापलं गेलं, कॅप्टन वेस्ट यांनीच ते संपादित केलं. सगळं जवळून बघायचं, त्याचं नाव-गाव विचारायचं, लक्षात ठेवायचं, असा त्या मुलाचा स्वभाव. चारपाच महिने हा अभ्यास चालला होता.

ताटापुरतं मात्र कोल्हापूर सुटलं नव्हतं. इंग्रजांच्या समाजात ओळख व्हायची ती जेवणाच्या टेबलावर. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलत, काटे-चमचे वाजवत, एकेक पदार्थ येत जातो आणि तेवढ्यात परका माणूस ओळखीचा होतो. आपल्याकडेही पंगतीत तेच होतं म्हणा. हा दरवाजा राजारामांना बंद होता. डोळ्यांनी युरोप चाखायचा, कानांनी चाखायचा, जिभेनं नाही! वीस वर्षांच्या मुलाला पॅरिस-लंडनच्या रस्त्यावरून जाताना भाजलेल्या पावाचा वास आलाच नसेल का? त्यानं काय वाटलं असेल हे मला सांगता येणार नाही. पण होस्टेलवर एखाद्याच्या घरून डबा आला की आपलं काय होतं, ते आठवून बघा.

तिकडे युरोपात भडका उडाला. १९ जुलै १८७० ला फ्रान्सनं प्रशियाशी युद्ध पुकारलं आणि दोन महिन्यांत प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला. खाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या हिवाळ्यात वेढ्यात अडकलेल्या पॅरिसच्या लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं आणि उंदीर, आणि डिसेंबरच्या अखेरीस प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स नावाचे दोन हत्तीसुद्धा कापून विकले गेले. खवय्यांची राजधानी म्हणवणाऱ्या शहराची ही गत! भुकेपुढे सोवळं फ्रान्सचं टिकत नाही आणि आपलंही टिकत नाही.

फ्रान्सची वाट अशी बंद झाली. म्हणून परतीचा प्रवास बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली असा वळसा घेऊन आखला गेला. नोव्हेंबरचे दिवस, कडाक्याची थंडी. आल्प्सच्या कुशीतल्या इन्सब्रुक गावी महाराज आजारी पडले. सांधे धरले, अंगात ताकद राहिली नाही. तशातच डोंगर उतरून त्यांना इटलीत फ्लॉरेन्सला आणलं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथल्या एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी राजाराम महाराज वारले. वय वीस वर्षं साडेसात महिने. घर हजारो मैल दूर, भोवती बर्फाळ परदेश, आणि सोबत मूठभर माणसं.

आता त्या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला. अंत्यसंस्कार कुठे आणि कसा करायचा? युरोपात तेव्हा प्रेत पुरायची रीत होती, जाळणं म्हणजे भयंकर गोष्ट. युरोपातली पहिली आधुनिक दहनभूमी मिलान शहरात सुरू झाली ती १८७६ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर सहा वर्षांनी. पण फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. आपल्याकडे नदीच्या संगमाचं महत्त्व. म्हणून शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा जिथे मिळतो, ती जागा निवडली. तिथे एक भलं मोठं उद्यान आहे, त्याचं नाव काशीने. इटालियन भाषेत हा शब्द दुभत्या जनावरांच्या गोठ्यांवरून आलाय, पूर्वी तिथे मेदिची घराण्याची गाई-गुरं असायची. आपल्या काशीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी वाचताना अंगावर काटा आला. कोल्हापूरच्या छत्रपतीला अखेरचा संगम लाभला तो काशीने नावाच्या जागी!

रात्री चिता पेटली. शहरातले लोक ते बघायला नदीकाठी गोळा झाले होते. त्यांच्या दृष्टीनं सगळंच नवं. पण त्यांनी ते होऊ दिलं. राजारामांनी युरोपचा घासही आपल्या रीतीबाहेर घेतला नव्हता, आणि शेवटी युरोपातल्या एका शहरानं आपली रीत बाजूला सारून त्यांच्या रीतीला जागा दिली. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच जागी त्यांची छत्री उभी राहिली. नकाशा चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनीअरचा, आणि छत्रीखालचा रंगवलेला अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकारानं घडवला. डोक्यावर पगडी, गळ्यात मोत्यांच्या माळा, कोवळा चेहरा. खाली चार भाषांत मजकूर कोरलाय. मँटचं नाव कोल्हापूरच्या मित्रांना माहीत असेल. नवा राजवाडा त्याच्याच आराखड्याचा (१८८४ मध्ये पुरा झाला), आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही. म्हणजे नव्या राजवाड्याचा धाकटा भाऊ इटलीत नदीकाठी उभा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेलाच इंडियानो म्हणू लागले. म्हणजे नुसतं, भारतीय.

आता गुरुजींच्या पुलाकडे येतो. १९७० च्या दशकात फ्लॉरेन्सला या छत्रीजवळून आर्नोवर नवा पूल बांधायचा होता. मध्ये खांब नको होता. तेव्हा केबल-स्टेड पूल ठरला, १९७८ मध्ये तो पुरा झाला. मोंतेमान्यी आणि सिका हे वास्तुरचनाकार, दे मिरांदा हा इंजिनीअर. नदीवरचा मुख्य गाळा सुमारे २०० मीटरचा. यातली खुबी अशी. नेहमीच्या केबल-स्टेड पुलात दोन्ही बाजूंच्या केबल पुलाच्या डेकलाच बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांची आडवी ओढ डेकलाच दाबून धरते. इथे मागच्या बाजूच्या केबल डेकला न बांधता थेट जमिनीतल्या जड अँकर ब्लॉकला बांधल्या. म्हणजे ओढ जमिनीनं घेतली. अशा तऱ्हेचा, जमिनीत अँकर केलेला, जगातला हा पहिला मोठा केबल-स्टेड पूल म्हणून ओळखला जातो. वरून मोटारी जातात, आणि डेकच्या खाली लटकवलेल्या वाटेवरून माणसं चालत नदी ओलांडतात. नाव, भारतीयाचा पूल. स्ट्रक्चर्सच्या व्हायवाला कोणी विचारलं तर सांगायला विसरू नका. आणि सोबत हेही सांगा की हा भारतीय कोल्हापूरचा होता.

पण कहाणी इथे संपवली तर राजारामांवर अन्याय होईल. त्यांच्या मागे राहिलेला ताटाचा प्रश्न पुढे काय झाला, हे पाहिलं पाहिजे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. साडी आणि शाकाहारी जेवण हे दोन्ही त्यांनी तिथल्या थंडीतही सोडलं नाही. पदवी घेऊन परतल्या आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयानं गेल्या, वय एकवीस. १८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर व्हायला निघाले तर जातीनं त्यांना वाळीत टाकलं. १८९० मध्ये तर समुद्र ओलांडायचीही गरज पडली नाही. पुण्यातच पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या माणसांपुढे चहा ठेवला गेला, आणि त्या चहाच्या पेल्यावरून वर्ष-दोन वर्षं वाद पेटून शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आणि १९०२ मध्ये जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग राज्यारोहणाच्या सोहळ्याला लंडनला गेले ते चांदीचे प्रचंड मोठे हंडे गंगाजलानं भरून घेऊन. ते हंडे जयपूरच्या राजवाड्यात आजही बघायला मिळतात.

त्याच १९०२ साली, त्याच सोहळ्याला कोल्हापूरचे शाहू महाराजही गेले होते. या दौऱ्यात त्यांनी फ्लॉरेन्सला जाऊन राजारामांच्या छत्रीचं दर्शन घेतलं. २६ जुलै १९०२ ला, म्हणजे महाराज युरोपात असतानाच, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम छापून आला. संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा. आणि पुढे याच शाहूंनी कोल्हापुरात काय केलं, तर गंगाराम कांबळे या दलित माणसाला चहाचं हॉटेल काढायला मदत केली. त्यांच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. जी रेघ छत्रपतींच्या घराण्यातल्या एका मुलाला लंडन-पॅरिसला जाऊनही ओलांडता आली नाही, ती त्याच गादीवरच्या दुसऱ्या माणसानं गावातल्या रस्त्यावर, एका कप चहात ओलांडली. त्यासाठी बोटीचं तिकीट लागलं नाही.

हे सगळं मी पुढच्या सुट्टीत गुरुजींना सांगितलं. सोबत त्यांना हेही सांगितलं की त्या काशीने उद्यानात दर मंगळवारी मोठा बाजार भरतो, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा. फ्लॉरेन्सच्या बाजूचा पाव बिनमिठाचा असतो. तो शिळा झाला की टाकत नाहीत, घेवड्याच्या दाण्यांत आणि पालेभाजीत शिजवून त्याचं रिबोलिता नावाचं दाट सूप करतात. रिबोलिता म्हणजे पुन्हा उकळलेलं. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो त्याचाच हा चुलतभाऊ! आणि थंडीच्या दिवसांत, म्हणजे ज्या दिवसांत राजाराम तिथे होते त्याच दिवसांत, रस्त्यावर चेस्टनट भाजून विकतात. त्याच्या पिठाचा केकही होतो. आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांतून निघणारे शिंगाडे उकडून विकतात आणि उपासाला त्याच्या पिठाचा शिरा होतो, तसंच. एवढी ओळखीची चव तिथे होती, फक्त कोणी हात पुढे करायला हवा होता.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की पुन्हा कधी जाणं झालं तर एक दुपार तरी ते महाराजांच्या रांगेत उभे राहणार नाहीत. काकूंनी मात्र पिठल्याची बाजू सोडली नाही. असो. प्रत्येकाच्या पोटाचा प्रश्न असतो, आणि वयोमानाप्रमाणे पथ्यही असतं.

मला विचाराल तर मला गुरुजी-काकूंची काळजी नाही, आपली आहे. त्या मुलाला चुकीची पंगत म्हणजे गादी जाण्याची भीती होती, तरी तो निघाला. आपल्याला काय भीती आहे? सकाळी मेसमध्ये जरा नजर टाका. कोणाच्या टेबलावर कोण बसतं, कोणाचा डबा फिरतो आणि कोणाचा झाकलेलाच राहतो, हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. युरोपची टूर होईल तेव्हा होईल. प्लेसमेंट होऊ द्या, ईएमआय फिटू द्या. तोपर्यंत शेजारच्या टेबलावर जाऊन बसायला तर पासपोर्ट लागत नाही ना?

मी गोरेगावहून येताना यंदा उकडलेले शिंगाडे आणले होते. सोलायला कंटाळा येतो म्हणून रूमवर फारसं कोणी हात लावत नाही. या वेळी पिशवी मेसच्या मधल्या टेबलावर मोकळी केली आणि सोलता सोलता राजाराम महाराजांची गोष्ट सांगितली. गोष्ट संपायच्या आत पिशवी संपली.